भाजे लेण्यातले ते १४ स्तूप म्हणजे समाध्या आहेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी दगडावर नावं कोरतो. कॅम्पात माझं छोटं दुकान आहे आणि या कामाला लागून मला ४१ वर्षं झाली. घराच्या पाट्या, कोनशिला, देवळातल्या देणगीदारांच्या फरशा, ख्रिस्ती दफनभूमीत थडग्यावर बसवायचे संगमरवर, सगळं काम हातून गेलंय. वडील पाथरवट होते. ते पाटे-वरवंटे घडवायचे, जात्यांना टाकी लावायचे. अक्षरं मी शिकलो. वर्तमानपत्राला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ आहे. पत्र लांबलंय, पण जे सांगायचंय ते दोन ओळींत मावणारं नाही.

गेल्या आषाढात एका रविवारी नातीला घेऊन लोणावळ्याजवळच्या भाजे इथल्या बौद्ध लेण्यांना गेलो. ती नववीत आहे. दापोडीला लोकलमध्ये चढलो तेव्हा उभं राहायलाही जागा नव्हती. मळवलीला निम्मी गाडी रिकामी झाली. तिथून द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडून भाजे गावाकडे जो लोंढा निघाला, त्यातले शंभरातले नव्वद जण धबधब्याला चालले होते. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पोरं आठवडाभर कंपनीत राबतात, एक दिवस पाण्याखाली उभी राहिली तर बिघडलं कुठे? मात्र याच भाजे गावावर १९८९ च्या जुलैत दरड कोसळली होती आणि माणसं गाडली गेली होती. तिथल्या जुन्या माणसांना पावसाचा आवाज आपल्यासारखा ऐकू येत नसणार, एवढं मनात आल्यावाचून राहिलं नाही.

पायऱ्या चढायला मला वेळ लागला. गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत. वर पोचल्यावर आधी चैत्यगृहात, म्हणजे भिक्खूंच्या प्रार्थनेच्या दालनात गेलो. ते पाहून माझ्यासारख्या दगडातल्या माणसाची मान आपोआप खाली जाते. २७ अष्टकोनी खांब, सगळे किंचित आत कललेले, लाकडी घराचे खांब कलते ठेवतात तसे. छताला अर्धगोल लाकडी फासळ्या आहेत, त्या मूळच्या. दोन हजार वर्षांहून जुनं लाकूड अजून जागेवर आहे आणि त्यावरही ब्राह्मी अक्षरं सापडलेली आहेत. नात बराच वेळ मान वर करून बघत होती. "आजोबा, याला वाळवी नाही लागली?" असं तिने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

चैत्यगृहातून दक्षिणेकडे थोडं चालत गेलं की ते १४ स्तूप लागतात. पाच खडकात कोरलेल्या ओबडधोबड गुहेच्या आत, नऊ बाहेर. काही एवढे जाड की दोघांनी हात धरले तरी कवेत येणार नाहीत. एकाच्या शेजारी एक असे दाटीने उभे आहेत.

आम्ही पोचलो तेव्हा एका स्तूपाच्या अंडावर, म्हणजे वरच्या घुमटावर, एक मुलगा दोन्ही बाजूंना पाय टाकून घोड्यावर बसावं तसा बसला होता. खाली त्याचा मित्र फोटो काढत होता. तिसरा, वीसेक वर्षांचा, आत गुहेत खाली बसून मोटरसायकलच्या किल्लीने काहीतरी खरवडत होता. त्या आवाजावरून मी ओळखलं. लोखंड बेसॉल्टवर घासलं की कोरडा, दात शिवशिवणारा आवाज येतो. तो आवाज मी आयुष्यभर ऐकलाय. मी जाऊन त्याचा हात धरला. जोरातच धरला.

तो मुलगा वाईट नव्हता. भांडला नाही, उलट बोलला नाही. घाबरून उठला आणि म्हणाला, "काका, नुसते दगडच आहेत ना हे?"

मी म्हटलं, "समाधी आहे ही."

त्याने पटकन पाय मागे घेतला. वर बसलेला मुलगाही उतरला. कुणी सांगितलं नाही, आपणहून उतरला. मग किल्लीवाल्याने विचारलं, "कुणाची?"

संपादक महोदय, हा प्रश्न ऐकून मला जे वाटलं त्यासाठीच हे पत्र. "कुणाची?" असं विचारणाऱ्या मुलाला उत्तर मिळालं पाहिजे, आणि ते उत्तर त्या दगडावरच लिहिलेलं आहे.

मला ब्राह्मी थोडीफार वाचता येते. पन्नाशीत शिकलो, दर रविवारी दोन तास. अक्षरावर पोट भरणाऱ्या माणसाला आपली सगळ्यात जुनी अक्षरं येऊ नयेत ही गोष्ट मनाला टोचत होती. त्या दिवशी ढग होते, गुहेत उजेड कमी. मी मोबाइलची विजेरी लावली आणि समोरून न धरता दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरली. कोरीव अक्षर वाचायचं तर उजेड तिरका लागतो. समोरून प्रकाश पाडला तर दगड सपाट दिसतो. बाजूने पाडला की प्रत्येक खाचेला सावली मिळते आणि अक्षर उठून येतं. तसं ते आलं. एक गोल, त्याच्या मधोमध टिंब. ब्राह्मीतला ‘थ’.

‘थेर’ या शब्दातला ‘थ’, ‘थूप’ या शब्दातलाही तोच. थूप म्हणजे स्तूप. थेर म्हणजे स्थविर, संघातला वयाने आणि साधनेने मोठा भिक्खू. आपण रागाने म्हाताऱ्याला ‘थेरडा’ म्हणतो, तो शब्द याच घराण्यातला. मान द्यायच्या शब्दाची आपण शिवी केली, हे त्या पोरांना सांगताना मला लाज वाटली. थेरांच्या जोडीला तिथे ‘भयंत’ही येतं, म्हणजे आजचं भदंत. या १४ स्तूपांपैकी काहींवर लेख आहेत आणि त्यांत तीन नावं आहेत: अंपिनिक, धम्मगिरी आणि संघदिन. हे तिघं याच लेण्यात राहायचे. इथेच गेले. त्यांच्यासाठी हे उभे केले.

मुलाने माझ्या हातातला मोबाइल घेतला आणि स्वतः तो उजेड त्या गोलावरून फिरवला. मग त्याने खिशातला ओला रुमाल काढला आणि आपण खरवडलेलं पुसायला लागला. त्याच्या नावाचं पहिलं अक्षर पूर्ण झालं होतं, दुसरं अर्धं. पुसलं गेलं नाही. ओलं असेपर्यंत दिसेनासं झालं, वाळल्यावर पुन्हा पांढरं उमटलं.

ते पांढरं का उमटतं हे सांगतो. उघड्यावर शेकडो वर्षं राहिलेल्या काळ्या दगडाला वरून एक करडी-तपकिरी साय धरते. किल्लीने ती साय निघते, खालचा दगड भुकटी होऊन दिसतो. पुन्हा तशी साय धरायला किती पिढ्या जातील ते मी सांगू शकत नाही. मात्र त्या खरचटलेल्या जागी पावसाचं पाणी धरायला लागतं, शेवाळ बसतं, हे मी माझ्या डोळ्यांनी जुन्या कोनशिलांवर पाहिलंय. काही सुजाण माणसं अशी खरवडलेली नावं तारेच्या ब्रशने घासून काढू बघतात. त्यांना हात जोडून विनंती आहे, तसं करू नका. ब्रशला आजचं नाव कोणतं आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं कोणतं ते कळत नाही. लेख फोटोत नीट दिसावा म्हणून काहीजण अक्षरांत खडू भरतात, तेही करू नका. खडूची भुकटी खाचेत बसते, तिच्यात ओल राहते. विजेरी बाजूने धरा. तेवढं पुरतं. ही लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, तेव्हा कोरड्या दिवसांत दुपार कलल्यावर गेलात तर विजेरीचीही गरज पडायची नाही.

आता समाधी या शब्दाबद्दल. मी हा शब्द त्या मुलांशी बोलताना वापरला कारण तो त्यांना कळतो. जाणकार कदाचित म्हणतील, स्तूप आणि समाधी एक नव्हे. मान्य. स्तूपाला लोक दागोबा म्हणतात तो शब्द धातुगर्भ यावरून आला आणि इथे धातू म्हणजे लोखंड-तांबं नव्हे, तर देहाचे अवशेष, अस्थी. भाजेतल्या या १४ पैकी दोन स्तूपांच्या माथ्यावर अस्थी ठेवण्याची पेटी कोरलेली आहे. गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभी केलेली, त्याचं नाव लिहिलेली, त्याच्या अस्थींना जागा केलेली वस्तू. तिला आळंदीला जाणारा, देहूला जाणारा महाराष्ट्रातला माणूस दुसरं काय म्हणेल?

आणि समाधी म्हटलं की आपल्या लोकांना पुढचं काही शिकवावं लागत नाही. वानवडीला महादजी शिंद्यांच्या छत्रीत मी पुष्कळदा गेलोय. तिथे मी एकही पोरगं महादजींच्या स्मारकावर चढून बसलेलं पाहिलं नाही. तिथे जाणारी पोरं आणि भाजेला जाणारी पोरं वेगळी आहेत का? तीच आहेत. तिथे त्यांना ठाऊक असतं, इथे नसतं.

कुणी म्हणतं, आपल्यात जाळतात, पुरण्याची आणि दगड उभारण्याची रीत आपली नाही, म्हणून आपल्याला थडग्यांची कदर नाही. मला हे पटत नाही. याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची तिथली माणसं गेलेल्या तान्ह्या बाळाला दोन रांजणांची तोंडं एकमेकांना जोडून त्यात ठेवत आणि ते रांजण घराच्या जमिनीखालीच पुरत. बाळ घराबाहेर जाऊ नये म्हणून. कारण मी माझ्या मनाने लावतोय, पण ज्याच्या घरातून लहान मूल गेलंय त्याला दुसरं कारण सुचणार नाही.

मावळातल्या लेण्यांमधली नावं मी जमेल तशी वाचत हिंडतो. त्यातला एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. मळवलीच्या पलीकडे कार्ल्याला जा. चैत्यगृहाच्या खांबांवर, दारांवर नावंच नावं. ती देणाऱ्यांची. धेनुकाकट नावाच्या गावचे यवन म्हणजे ग्रीक, तिथलाच सिंहदत्त नावाचा गंधी म्हणजे अत्तरवाला, वैजयंती गावचा श्रेष्ठी म्हणजे शेठ भूतपाल. सामी नावाच्या एका सुताराने दार घडवलं, त्याचंही नाव बापाच्या नावासकट आहे, वेणुवासाचा मुलगा सामी. आमच्या धंद्यातल्या माणसाचं नाव असं दारावर पाहिलं की डोळे भरून येतात. भाजेतसुद्धा पाण्याच्या टाक्यापाशी एक लेख आहे: महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने ही ‘पोढी’ दान दिली. कौशिकीचा मुलगा विष्णुदत्त. आईचं नाव आधी. आणि ‘पोढी’ हा शब्द! आजही डोंगरात हिंडणारी पोरं कातळातल्या टाक्याला पोढीच म्हणतात. लेणं या शब्दाचंही तेच. त्या काळच्या लेखांत ‘लेण’ असंच कोरलेलं असतं. दोन हजार वर्षांपूर्वीचा पाथरवट आणि मी, आमचे काही शब्द अजून एकच आहेत.

पण ही सगळी देणाऱ्यांची नावं. आज देवळात पाच हजार एक रुपये दिले की मी फरशीवर नाव कोरून देतो, त्याच जातीची. त्यात वाईट काही नाही, माझं घर त्यावर चाललंय. भाजेतल्या स्तूपांवरची तीन नावं वेगळी. त्या माणसांनी स्वतःसाठी काही लिहून ठेवलं नाही. ज्यांच्यापाशी भिक्षापात्र आणि अंगावरचं चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, यापलीकडे काही नसायचं, त्यांनी दान काय देणार आणि नाव कशाला कोरून घेणार? ते गेल्यावर मागे राहिलेल्यांनी लिहिलं.

मागे राहिलेले कोण, याचं उत्तर बेडश्याला मिळतं. कामशेतवरून पवन मावळात उतरलं की बेडसे लेणी लागतात. तिथे एका छोट्या स्तूपापाशी लेख आहे. गोभूती नावाच्या भिक्खूचा तो स्तूप. हा गोभूती अरण्यात राहणारा, भिक्षेवर जगणारा, मारकुड डोंगरावर वस्ती करणारा. आणि स्तूप करवला कुणी? त्याच्या अंतेवासीने, म्हणजे त्याच्याजवळ राहून शिकलेल्या शिष्याने. शिष्याचंही नाव आहे, असाळमित. एका शिष्याने गुरूसाठी डोंगरात दगड कोरवून घेतला आणि गुरू कसा जगला ते तीन शब्दांत लिहून ठेवलं. इतका नेमका मृत्युलेख मी इतक्या वर्षांत कोरलेला नाही.

मुंबईजवळ कान्हेरीला तर अशा स्मारकस्तूपांची अख्खी ओळ होती, विटांची. तिला निर्वाणवीथी म्हणतात. तिथले थेरांचे लेख वाचून ते अभ्यासकांपुढे आणले आपल्या पुण्याच्याच डेक्कन कॉलेजमधल्या डॉ. शोभना गोखले यांनी. ही नावं परत मिळवून देणारी माणसं आपल्या गावात होऊन गेली. आणि त्याच गावातून रविवारी निघालेली पोरं त्या नावांवर आपली नावं ओढतात, ठाऊक नसल्यामुळे.

नावाबद्दल मी इतका का बोलतोय, तर एक गोष्ट सांगतो. खूप वर्षांपूर्वी एका कुटुंबाने आईच्या थडग्यासाठी संगमरवर सांगितला होता. कागदावर नाव लिहून दिलं होतं, मीही नीट आखलं होतं, पण कोरताना माझ्याकडून एक मात्रा राहिली. राहिली ती राहिली, कुणाच्या लक्षात आली नाही. दगड बसला. वर्षश्राद्धासारखी त्यांची प्रार्थना असते तेव्हा मुलगा दुकानात आला. रागावला नाही. म्हणाला, "आईच्या नावावरून बोट फिरवत होतो, तिथे अडकलं." वडील तेव्हा हयात होते. त्यांनी सांगितलं, दुरुस्ती करू नकोस, दगडच नवा घे. माणसाच्या नावावर ठिगळ लावत नाहीत. नवा दगड घेतला, स्वखर्चाने. त्या दिवसापासून कोरून झालं की मी डोळे मिटून प्रत्येक नावावरून बोट फिरवतो आणि मगच गिऱ्हाइकाला निरोप देतो.

भाजेला त्या गुहेत मुलाने केलेलं खरवडणं बोटाला लागत होतं. अंपिनिकांच्या शिष्यांपैकी कुणी आज येऊन बोट फिरवणार नाही. म्हणून ते आपण करायचं.

कायदा आहे. भाजे लेणी केंद्राच्या संरक्षणाखालचं स्मारक आहे आणि १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याप्रमाणे अशा स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मी त्या मुलाला हेही सांगितलं. पण मला त्याला कैदेत पाठवायचं नाही. ज्याने "समाधी" हा शब्द ऐकताच पाय मागे घेतला, त्याला तो शब्द पायऱ्या चढायच्या आधी कुणी सांगितला असता तर किल्ली खिशातच राहिली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शिक्षेची पाटी वाचून माणूस इकडेतिकडे बघतो, कुणी पाहतंय का म्हणून. समाधीची पाटी वाचून तो चपलांकडे बघतो.

त्या दिवशी मी त्या १४ स्तूपांच्या आसपास ही तीन नावं साध्या मराठीत सांगणारी पाटी शोधली. मला दिसली नाही. लेणी क्रमांक अमुक, शतक तमुक, एवढं कळून सामान्य माणसाचं मन हलत नाही. नाव कळलं की हलतं.

तेव्हा माझी पहिली विनंती, संपादक महोदय, तुम्हालाच आहे. दरवर्षी जूनमध्ये आपल्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत वर्षासहलींच्या जागा येतात. भाजे असतंच. कसं जायचं, मळवलीला उतरा, धबधबा कुठे, कणीस आणि भजी कुठे मिळतात, सगळं असतं. त्यात यंदापासून एक वाक्य वाढवा: ‘वर लेण्यांत १४ स्तूप आहेत, त्या इथल्या भिक्खूंच्या समाध्या आहेत, त्यांच्यावर चढू नये.’ एवढंच. ते वाक्य वाचून लोकलमध्ये चढलेला एक जरी मुलगा वर जाऊन दुसऱ्याला म्हणाला, "अरे, खाली उतर," तरी काम झालं.

शाळांच्या शिक्षकांनाही सांगणं आहे. सहल नेता तेव्हा मुलांना चैत्यगृहात दहा मिनिटं आणि स्तूपांपाशी फोटोपुरतं उभं करू नका. तीन नावं मोठ्याने म्हणून घ्या. मुलं नाव विसरत नाहीत. माझी नात परतीच्या लोकलमध्ये, इतक्या गर्दीत, वहीवर गोल काढून त्यात टिंब देत होती. घोरावाडीला गाडी आली तेव्हा घोराडेश्वराच्या डोंगराकडे बोट करून म्हणाली, "तिथेही लेणी आहेत ना? तिथेही कुणाचं नाव असेल?" पुढच्या सुट्टीत तिथे जायचं ठरलंय.

आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्या स्तूपांपाशी भाजे गावातलीच दोन पोरं उभी करावीत, रोजावर. शिटी नको, काठी नको. येणाऱ्याला त्यांनी सांगावं, ही कुणाची समाधी आहे. गावच्या माणसाने सांगितलेलं लोक ऐकतात. खर्च कोण करेल हा प्रश्न येईल. पावसाळ्यात त्या वाटेवर जी उलाढाल होते ती मी पाहिली आहे. दोन पोरांचा रोज त्यातून निघतो.

पाटीचं मात्र कुणाकडे मागायला नको. ती मी करून देतो, एक पैसाही न घेता. स्मारकाच्या खडकाला भोक पाडून बसवायची नाही, तसं करायचंही नसतं. सुटा दगड, खाली वाटेवर, जिथे जबाबदार मंडळी परवानगी देतील तिथे उभा राहील असा. दगड मी निवडला आहे. काळाच घेतला, मावळातल्या डोंगराच्या जातीचा, अडीच फूट बाय दीड. यंत्रावर करणार नाही, हाताने कोरणार. मजकूर असा:

‘वर १४ स्तूप आहेत. त्या समाध्या आहेत. या लेण्यात राहिलेल्या, इथेच देह ठेवलेल्या थेरांच्या. तिघांची नावं दगडावर आहेत: भदंत अंपिनिक, भदंत धम्मगिरी, भदंत संघदिन. कृपया त्यांच्यावर चढू नये, काही लिहू नये.’

खाली नातीने ती तीन नावं ब्राह्मीत काढून दिली आहेत, तीही कोरणार. जाणकारांनी अक्षरं तपासून दिली तर बरं होईल. एक मात्राही चुकायला नको.

दुकान सोमवारी बंद असतं, इतर दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी सात मी तिथेच असतो. परवानगीचा कागद हातात पडला की चार दिवसांत दगड तयार होईल. मळवलीपर्यंत टेम्पोने आणायची सोय माझ्या जावयाने करून ठेवली आहे.

आपला,
एक पाट्या कोरणारा
कॅम्प, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे)